चौकड्यांचं जॅकेट

रविवार, सकाळ

सरकार,

सप्रेम नमस्कार. मी ठीक आहे. नात पळायला लागली हे ऐकून आनंद झाला, तिच्यामागे तू पळू नकोस, गुडघे सांभाळ. फोनवर तू ‘बरं, आणखी?’ म्हणतेस आणि मला काही आठवेनासं होतं, म्हणून लिहितोय.

मोठी बातमी म्हणजे मी जॅकेट घेतलं. चौकड्यांचं! हस हस. छापखान्यातला निरोप समारंभ होता ना. तो जुना राखाडी कोट घालून गेलो असतो तर लोकांना वाटलं असतं, हा माणूस पंधरा वर्षांपूर्वीच निवृत्त झालाय.

आधी मोठ्या चौकड्यांचं अंगात घातलं. आरशात बघतो तर आपला सोफाच उभा राहिलेला. विक्रेता माझ्याच वयाचा, टकलू, भलता उत्साही. म्हणाला, “साहेब, तुमची उंची बेताची, बारीक चौकडी घ्या.” मी नेलेला रेघांचा शर्ट त्यानं बघितला आणि कानाला हात लावला. “नक्षी एकाच ठिकाणी, साहेब. जॅकेट बोलतंय ना? मग शर्टाला गप्प बसवा.” म्हटलं, आमच्या घरात हाच नियम होता, मी बोलायचं नाही.

शेवटी दोन उरली. एक निळं, एक तपकिरी. त्यानं विचारलं, “घरून कोणी आलंय का बघायला?” आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “बायको गाडी लावतेय, येईलच.”

का बोललो, देव जाणे. तो म्हणाला, “मग वहिनींना येऊ देत, त्याच ठरवतील,” आणि दोन्ही जॅकेटं हातावर घेऊन उभाच राहिला. माझी चांगलीच पंचाईत झाली. मी स्टुलावर बसलो. त्यानं पाणी दिलं. दोनदा म्हणाला, “इथे गाडी लावायला जागाच मिळत नाही हो.” मीही मान डोलावली. खरं सांगू? थोड्या वेळानं मीसुद्धा दाराकडे बघायला लागलो. कोणी बाई आत आली की मान वर व्हायची. शेवटी मलाच माझी लाज वाटली. “निळं द्या, तिला निळा आवडतो,” म्हणालो आणि सटकलो.

समारंभ छान झाला. पांढरा शर्ट, साधा गडद टाय, तू असतीस तर नाव ठेवायला जागा नव्हती. भाषणाच्या वेळी चष्मा खिशात ठेवायला गेलो तर खिसा नुसता दिखाऊ. तसाच हातात धरून बोललो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पाठ थोपटली, फोटो काढले.

निघताना आमच्या हिशेबनीस बाई जवळ आल्या. हळूच म्हणाल्या, “भाऊ, नव्या जॅकेटच्या मागच्या चिरेवरचा टाका घालण्याआधी काढायचा असतो. खिसेही शिवलेले असतात, उसवून घ्यायचे. घरी कोणी सांगितलं नाही का?”

पाठीवर पांढऱ्या दोऱ्याची ही एवढी फुली! तीच घेऊन मी अख्खा समारंभ मिरवलो होतो. मी हसत म्हणालो, “हल्लीची फॅशन आहे.” त्या हसल्या नाहीत.

घरी येऊन टाका कापला. मग जॅकेट तसंच अंगात ठेवून स्वयंपाकघरात बसून राहिलो. फार एकटं वाटलं गं. समोर भाषणं ऐकायला एवढी माणसं होती, पण घरातून निघताना “थांबा, जरा वळा बघू” म्हणणारं कोणी नव्हतं.

मुलीच्या बाळंतपणाला सहा महिन्यांसाठी गेलीस. मग बाळाचे दात, मग जावयाची बदली. तू परत येण्याचा विषय काढत नाहीस. मीही काढत नाही, कारण नाही म्हणालीस तर काय, ही भीती. ‘या की इकडे’ असंही तू कधी म्हणाली नाहीस. इतके दिवस म्हणायचो, माझी नोकरी आहे ना, म्हणून नसेल म्हणत. उद्यापासून तीही नाही.

तेव्हा विचारतोच. तू येणार आहेस का? नसशील तर मी येऊ का? मुलीशी बोलून ठरवू नकोस, तिथे खोली आहे की नाही तेही मोजू नकोस. मी तुला जवळ हवा आहे का, एवढंच सांग. नको असेन तर तसं सांग. मी रागावणार नाही. रडेन बहुतेक, पण ते माझं मी बघेन.

तुझाच,
निदान अजून तरी असं समजून लिहिणारा