सतरा एकर माय यियाला, मंडळाला काही नाही

मी, एनिड रूथ पार्सल, वय वर्षे एक्याऐंशी, धंदा सफरचंदाची शेती, राहणार सॉयर्स फ्लॅट, ह्युऑन खोरे, टास्मानिया, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, कुणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझा मुलगा रसेल शंका काढील हे मला आजच ठाऊक आहे. मी रागात आहे, हे मात्र खरे. राग म्हणजे वेड नव्हे, एवढे वाचणाऱ्याने ध्यानात ठेवावे. यापूर्वीच्या मृत्युपत्रात मी सगळे रसेलच्या नावे केले होते, ते रद्द समजावे.

वकीलबाई श्रीमती केर यांनी सांगितले की कुणाला काय द्यायचे तेवढेच लिहा, कारणे लिहू नका. मी कारणे लिहिणार आहे.

कलम १. या मृत्युपत्राची अंमलबजावणी श्रीमती केर यांनी करावी. मला माझा नवरा क्लेम याच्याशेजारी पुरावे. दक्षिण खोरे लघुशेती मंडळाकडून पुष्पचक्र आले तर ते फाटकावरूनच परत पाठवावे. त्यावरची चिठ्ठीही वाचू नये.

कलम २. माझे राहते घर, सतरा एकर जमीन, तीवरील सर्व झाडे आणि पॅकिंगची शेड मी माय यिया शिओंग हिला देत आहे. ती माझ्या नात्यातली नाही. ती ह्मोंग आहे, म्हणजे लाओसच्या डोंगराळ भागातल्या शेतकरी जमातीची. अकरा वर्षांपूर्वी माझ्या शेजारच्या उतारावरची तीन एकर तिने खंडाने घेतली. पालेभाजी, मिरच्या, कोथिंबीर पिकवते आणि शनिवारी होबार्टच्या बाजारात विकते.

ती कशी ओळखीची झाली ते सांगते. तीस वर्षे मी माझ्या शेडमध्ये लहान शेतकऱ्यांना शिकवत होते. जुलैत छाटणी, सप्टेंबरात कलमे. फी नव्हती. येताना काहीतरी खायला आणायचे, एवढाच नियम. माय यिया पहिल्यांदा आली तेव्हा वाफवलेला चिकट भात घेऊन आली आणि नुसती माझ्या हाताकडे बघत बसली. दुसऱ्या रविवारी तिने बांधलेले कलम मी उलटसुलट करून पाहिले. काप इतका नेमका बसला होता की नख शिरेना. माझ्या हाताखालून दोनशेंवर माणसे गेली, तिच्यासारखा हात दुसरा नाही.

मग सरकारने खोऱ्यातल्या लहान शेतांसाठी निधी दिला. दोन गोष्टींसाठी: पाण्याची सोय आणि शेतकऱ्यांचे शिक्षण. तो वाटायला मंडळ निघाले आणि रसेल त्याचा अध्यक्ष झाला. मला आनंद झाला होता, हे लपवत नाही. मी त्याला नवा टाय घेऊन दिला.

मंडळाचे पहिले पत्र मला आले. माझ्याकडे प्रशिक्षकाचा दाखला नसल्यामुळे शेडमधले वर्ग बंद करावेत, पुन्हा सुरू करायचे असल्यास मंडळाचा अभ्यासक्रम पूर्ण करावा. खाली माझ्या मुलाची सही. मी गेले. गावातल्या क्लबच्या दिवाणखान्यात खुर्च्या मांडल्या होत्या आणि प्रत्येकाला एक गुळगुळीत पुस्तिका दिली होती. तिच्यातली वाक्ये माझी होती. मी तीस वर्षे वाटत आले त्या कागदांवरून जशीच्या तशी उचललेली, चुकलेल्या स्पेलिंगसकट. नवव्या पानावर कलम बांधणाऱ्या डाव्या हाताचा फोटो होता. त्या हाताच्या मधल्या बोटाचे टोक नव्हते. एकोणीसशे अडुसष्ट साली कडबा कापायच्या यंत्राने ते नेले. फोटोखाली छापले होते, ‘एक सहभागी शेतकरी’.

मी पुस्तिका मिटली आणि घरी आले. माय यियाला मात्र उठून जाता येत नव्हते. तिला तळे खणायचे होते. मंडळाचा नियम असा की तळ्याचा निधी हवा तर आधी अभ्यासक्रमाचा दाखला. ती सहाही दिवस गेली. सगळे इंग्रजीत, भरधाव. दुभाषा मागितला तर तरतूद नाही म्हणाले. चौथ्या दिवशी प्रशिक्षक श्री. फेनविक कलम दाखवायला उभे राहिले आणि त्यांनी चाकू उलटा धरला. माय यियाने उठून तो त्यांच्या हातात सरळ करून दिला. लोक हसले. शेवटच्या दिवशी लेखी परीक्षा झाली, तीत ती नापास झाली. अर्ज परत आला. त्यावर शेरा होता: ‘अर्जदारास पुरेसे शेतीज्ञान नाही.’

तो कागद घेऊन मी रसेलच्या कचेरीत गेले.

तो म्हणाला, “आई, नियम सगळ्यांना सारखे. तुझ्या ओळखीची म्हणून मी सूट दिली तर उद्या पेपरात येईल.”

“तिला काय येतं ते तू माझ्या शेडमध्ये येऊन बघ,” मी म्हटले.

“बघून काय करू? फाइलमध्ये काय ठेवू?”

मी त्याला विचारले की मग निधी गेला कुणाला. यादी भिंतीवरच लावलेली होती. बारा लहान शेते. त्यांतली सात कॉलिन हॅल्डेनची. त्याची चेरीची बाग दोनशे एकरांची आहे, खोऱ्यात कुणालाही विचारा. कागदावर ती बायको, मुले, सुना यांच्यात कापून लहान केलेली. सात लहान शेतांच्या नावावर मिळून एकच शीतगृह उभे राहिले.

“कागदपत्रं पूर्ण होती त्यांची,” रसेल म्हणाला. माझ्याकडे न बघता म्हणाला.

त्या उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच, डिसेंबरात, ओढा आटला. माझ्या तळ्याला गाळ लागेपर्यंत आम्ही दोघींनी पाणी वाटून घेतले. फेब्रुवारीत तिची तीनही एकर करपली. मार्चमध्ये ती निरोप घ्यायला आली. क्वीन्सलंडला तिचा भाऊ आहे, तिकडे केळीच्या बागेत मजुरीला जाणार म्हणाली. मी थांब म्हटले.

ती म्हणाली, “मावशी, मी सात वर्षांची असल्यापासून शेतात आहे. आता सरकारी कागदावर लिहिलंय की मला शेती येत नाही. तो कागद घेऊन इथे कशी राहू?”

एक हिवाळा थांब, एवढेच सांगितले. हे कलम म्हणजे माझे उत्तर आहे.

कलम ३. बँकेतील माझ्या पैशांतून आधी वरच्या कुरणात तळे खणावे. उरेल त्यातून शेडमधले वर्ग पुन्हा सुरू करावेत. माय यियाने शिकवावे. ज्याच्याकडे वीस एकरांहून कमी जमीन आहे, किंवा मुळीच नाही, त्या कुणालाही येऊ द्यावे. अर्ज, फी, परीक्षा काहीही नसावे. ज्याला ज्या भाषेत समजते त्या भाषेत सांगणारे माणूस पैसे देऊन आणावे. एखाद्याला दाखलाच हवा असेल तर त्याने बांधलेले रोप त्याला घरी नेऊ द्यावे. पुढच्या वर्षी ते पालवले की दाखला मिळाला.

कलम ४. माझ्या वडिलांचा कलमाचा चाकू, करवती, दोन्ही शिड्या आणि भुश्यात ठेवलेल्या कलमाच्या काड्यांची पेटी माय यियाला. दुसरा चाकू, ज्याची मूठ तडकली आहे, तो श्री. फेनविक यांना द्यावा. पाते कुठल्या बाजूला असते ते चिठ्ठीवर लिहून मुठीला बांधावे.

कलम ५. कॉलिन हॅल्डेनचे ट्रक माझ्या खालच्या कुरणातून हमरस्त्याला लागतात. ती वाट मी त्याच्या बापाला तोंडी दिली होती, कारण तो भला माणूस होता. माझ्या मृत्यूच्या दिवशी ती बंद. तारेचे कुंपण घालून घ्यावे. त्याला डोंगराला वळसा घालून जावे लागेल, बावीस किलोमीटर.

कलम ६. माझा एकुलता एक मुलगा रसेल क्लेमंट पार्सल याला त्याच्या वडिलांचे अकॉर्डियन आणि फोटोंचे तीनही अल्बम. जमीन नाही, घर नाही.

हे मी त्याच्या पाठीमागे लिहिलेले नाही. गेल्या रविवारी त्याला जेवायला बोलावले आणि शिंपल्यांचे सारण भरून भाजलेली पेस्ट्री खाऊन झाल्यावर सगळे वाचून दाखवले. त्याने ताटली बाजूला सारली.

मग म्हणाला, “तिला जमीन देऊन तुला मला शिक्षा करायचीय.”

“हो,” मी म्हटले. “आणि तिला शेती करायचीय. एका सहीत दोन्ही होतंय.”

“मी मंडळात नियम पाळले, आई. एक पैसा खाल्ला नाही.”

मला हे ठाऊक आहे, आणि मी ते इथे नोंदवून ठेवते. त्याने पैसा खाल्ला असता तर मी कदाचित माफ केले असते. त्याने सगळे पाहिले, ओळखले आणि फाइल पूर्ण आहे म्हणून सही केली.

कलम ७. रसेलने या मृत्युपत्राला कोर्टात आव्हान दिले, तर न्यायाधीशांना विनंती की त्याच्या हाती सफरचंदाचा एक खुंट, एक काडी आणि चाकू द्यावा. त्याने बांधलेले जगले तर घर त्याचे. श्रीमती केर म्हणतात की हे कायद्यात टिकणार नाही. न टिको. पण ते काढू नये, म्हणजे निदान त्याला भर कोर्टात ऐकावे लागेल. फाटकाजवळचे जिव्हस्टन फॅनी जातीच्या सफरचंदाचे झाड त्याने नऊ वर्षांचा असताना बांधलेले आहे. मी फक्त दोरा धरला होता. ते दरवर्षी फळते. त्याला ते आठवत नाही, मी त्या रविवारी विचारून पाहिले.

वरील सर्व मजकूर मी वाचला, तो माझाच आहे, आणि खालील दोघांच्या डोळ्यांदेखत सही केली आहे. या दोघांना माझ्याकडून काहीही मिळणार नाही.

सही: एनिड रूथ पार्सल

साक्षीदार:
१. डग्लस लव्हेल, गुरांचे डॉक्टर
२. शिरीन ओट्स, टपाल कचेरी, सॉयर्स फ्लॅट

स्थळ: सॉयर्स फ्लॅट, पॅकिंगची शेड
दिनांक: ९ ऑगस्ट २०२४