भुई हंबरायली

११ सप्टेंबर

आजपासून आवाजाची वही माझ्याकडे! ग्रामपंचायतीत ठरलं — गावात पदवीधर पोरगी एकच, तिनंच लिहायचं. दहा दिवस झाले, जमिनीच्या पोटातून आवाज येतो. भिंती हलत नाहीत, भांडी पडत नाहीत. नुसता आवाज. आला की वेळ लिहायची, किती सेकंद ते लिहायचं, आणि कसा आला ते.

शेजारच्या कस्तुराबाई म्हणाल्या, "बी.ए. करून शेवटी भुईची नाडी बघायलीस व्हय गं!" सगळ्या हसल्या. हसू देत. कुणीतरी नीट लिहायलाच हवं.

१२ सप्टेंबर

घरोघर फिरले. प्रत्येकाचा शब्द वेगळा. कुणी म्हणे, जातं फिरल्यागत. कुणी म्हणे, रिकामा ट्रक गेल्यावाणी. म्हातारे सिद्रामप्पा — "लिव्ह, धरणीमायनं ढेकर दिली. पाणी लई पाजलंय तिला औंदा."

आईला विचारलं. "भुई हंबरायली." एवढंच. आणि गोधडी उचलून अंगणातल्या पत्र्याच्या शेडात गेली.

१५ सप्टेंबर

तलाठी साहेबांनी वही चाळली. "ढेकर काय वर पाठवू मी? सगळीकडं 'गडगडाट' लिही. एकच शब्द!"

बसून खोडत गेले. जातं खोडलं, ट्रक खोडला, ढेकर खोडली. आईचा शब्द मात्र खोडवेना.

१६ सप्टेंबर

तीन आवाज. आई शेडातच. वरून पाणी गळतं, तिचा खोकला वाढलाय. आत ये म्हटलं तर — "तू नीज आत. मला हितंच बरं हाय."

कारण माहीत आहे मला. ९३च्या भूकंपात आई-आप्पांचं किल्लारीकडचं घर गेलं. माझी थोरली बहीण अंजू आत होती. दीड वर्षाची. आप्पा त्या दिवशी लातुरात दाल मिलवर होते. आई कशी वाचली, हे घरात कुणी विचारत नाही. मीही नाही.

पण हे घर सिमेंटचं आहे! तीस वर्षं झाली! असं पावसात भिजून ती मरेल एखाद्या दिवशी.

१९ सप्टेंबर

लातूरला कॉलेजच्या ग्रंथालयात गेले. जाड कोश काढला. सापडला आईचा शब्द! संस्कृतात 'हंबा' म्हणजे गाईचा आवाज. त्यावरून हंबरणं. हजारो वर्षांचा शब्द माझ्या न शिकलेल्या आईच्या तोंडात! बसमध्ये उभी होते, तरी पाय दुखले नाहीत.

आणि 'हंबरडा'ही तिथूनच आलेला.

रात्रीच्या भाकरीला बसलो तेव्हा आईला सगळं वाचून दाखवलं. हंबरड्याचंसुद्धा. ती थांबली. ताट बाजूला सरकवून उठली.

आप्पा म्हणाले, "शिकलीस तेवढं बास झालं." असं ते कधीच बोलले नव्हते.

२० सप्टेंबर

आई बोलत नाही.

२४ सप्टेंबर

जिल्ह्याहून तज्ज्ञ आले. पेटीएवढं यंत्र शाळेच्या आवारात ठेवलं. माझी वही वाचली, "व्यवस्थित काम आहे," म्हणाले. पाणी खडकात मुरतं, कोंडलेली हवा सुटते, तिचा आवाज. भिण्यासारखं काही नाही, लोकांना घरात झोपायला सांगा.

मीच घरोघर सांगितलं. बरेचजण आत गेले. कस्तुराबाई म्हणाल्या, "तू म्हणतीस म्हणून. दबले तर तुझ्याच नावानं ओरडंन!"

राहिली आमचीच आई.

२७ सप्टेंबर

आज ताप होता तिला. शेवटी माझी शपथ घातली. म्हटलं, तू आत आली नाहीस तर मीही शेडात येते, मलाही होऊ दे खोकला.

 मग गोधडी घेऊन आत आली.

जिंकले!

२८ सप्टेंबर

पहाटे उठले तर आई आडवी झालेलीच नव्हती. उंबऱ्यावर बसून. एका हातानं चौकट धरलेली. दुसरा हात माझ्या पायावर.

जिंकले कसली.

३० सप्टेंबर

सकाळी ज्वारी पाखडता पाखडता आई आपणहून बोलली. सूप थांबवलं नाही.

"त्या पहाटी गाय हंबरायली. वासराला दावं आवळलं असंल म्हणून उठले. अंजीनं पदर धरलेला. तिची मूठ सोडवली. म्हटलं, मी हितंच हाय, आलेच. गोठ्यात जाऊन दावं ढिलं केलं. वळले, तर घर न्हवतं."

मी सुपाबाहेर सांडलेले दाणे वेचत राहिले.

"वासरू जगलं," म्हणाली.