माझ्या खिडकीतला माणूस

१२ मार्च १९९८, कारंजा

हॉलतिकीट आलं. एम.ए. भाग एक, अर्थशास्त्र, बहिःस्थ. ह्यांनी दुकानात चार गिऱ्हाइकांसमोर फोटो न्याहाळला. "अवो, जामिनावर सुटल्यावानी दिसून राह्यली." वय चव्वेचाळीस, किराण्याच्या काउंटरमागे अर्धं आयुष्य. जामीन अजून व्हायचाय.

कशासाठी चाललंय हे विसरू नये म्हणून लिहून ठेवते. साप्ताहिकाच्या संपादकांनी बजेटवरचा माझा लेख परत केला. "ताई, तुमचं हळदीकुंकू लोक मिटक्या मारत वाचतात. अर्थकारण राहू द्या, त्याला डिग्री लागते." संपादक स्वतः बारावी. ऑक्टोबरची.

२५ मार्च

अर्थशास्त्र पहाटे, दुकान उघडायच्या आत. पुस्तकातला ग्राहक विवेकी असतो, बाजाराची त्याला पूर्ण माहिती असते आणि तो समवृत्ती वक्रावर सरकत असतो. आमचा ग्राहक बाकावर सरकतो. खोबऱ्याचे तुकडे तोंडात टाकतो, गावभरच्या भानगडी सांगतो आणि "उद्या येतो" म्हणून निघतो. सिद्धांत पाठ केला. गिऱ्हाईक सुधारेल असं वाटत नाही.

गाइड घेतलं नाही. मूळ पुस्तकं नागपूरहून मागवली. ह्यांच्या मते चैनीची वस्तू.

२ एप्रिल

धाकटे दीर आले होते, बाळूभाऊ. एरवी हायवेवर टायरचं दुकान, परीक्षेच्या मोसमात खिडकीचं काम. अर्धा तालुका त्यांनी खिडकीतून फेकलेल्या चिठ्ठ्यांवर पास झालाय. चहा संपल्यावर म्हणाले, "वहिनी, कोन्ती खिडकी?"

म्हटलं, नको. मले येते.

"येते तं चांगलंच हाये. पन खिडकीत आपलं मानूस नको काय?"

"नको."

"लोकं काय म्हनतीन? वाटण्या झाल्या म्हनतीन."

हे मात्र खरं. लग्नाच्या मांडवात आणि परीक्षेच्या खिडकीत घरचं माणूस दिसलं नाही की इकडे लोक काय ते समजून जातात. तरी नकोच म्हटलं. गेले. पान लावून ठेवलं होतं, त्याला हात लावला नाही.

२१ एप्रिल, आर्वी केंद्र

पहिला पेपर. ऊन मरणाचं. प्रत्येक खिडकीत माणसांचे घोस लटकलेले. एका मुलीसाठी तर अख्खं माहेर लोटलेलं, पाण्याच्या कॅनसकट. माझी खिडकी मोकळी, हवा चांगली येत होती. शेजारच्या बाकावरची मुलगी हळूच म्हणाली, "काकू, तुमचं कोनीच नाई आलं?" एवढी कीव मला तेराव्याला बसायला येणाऱ्यांच्या तोंडीही ऐकायला मिळाली नव्हती.

पेपर झकास.

२४ एप्रिल

झालं.

दुसरा पेपर, पैसा व बँकिंग. पतनिर्मिती लिहीत होते. खिडकीतून खड्याला गुंडाळलेली चिठ्ठी आली ती थेट माझ्या वहीवर. वर पाहिलं. पिवळा दुपट्टा, बाळूभाऊ, तोंडभर हसू. आणि दारात भरारी पथक. नेम जरा कच्चा असता तर वाचले असते.

चिठ्ठी उघडली तर लोकसंख्येचा सिद्धांत.

"हे कोणाचं?"

"माझं नाही."

"बाकावर तुमच्या आहे."

"बाक कॉलेजचा आहे."

वही काढून घेतली, दुसरी दिली. पहिल्यापासून सगळं पुन्हा लिहिलं, हात आखडेपर्यंत. कोणी फेकली विचारलं, तर म्हटलं, मी लिहीत होते, खिडक्या पाहत नव्हते.

शेजारची मुलगी बाहेर पडताना म्हणाली, "काकू, तरी बरं, कोनी तं आलं."

२५ एप्रिल

बाळूभाऊ सकाळपासून ओट्यावर. आत येईनात. "मी नुसताच उभा राहाले गेलतो. पन आजूबाजूचे सारे फेकून राह्यले, आपन हात हालवत कसं उभं राहावं? बरं नाई दिसत." चिठ्ठीचं पान कुठलं? दुकानात एका पोराचं गाइड पडलं होतं, त्यातलं हाताला लागलं ते.

भांडायचं ठरवलं होतं. भजी तळली. भांडण उद्या.

१७ जून

विद्यापीठाचा कागद. निकाल राखीव. चौकशी समितीपुढे हजर व्हावे. सोबत छापील माफीनामा: मी गैरप्रकार केला, पुन्हा करणार नाही, खाली सही. सही केली तर तेवढा एक पेपर रद्द. नाही केली आणि दोषी ठरले तर सगळी परीक्षा गेली, वर दोन वर्षं बंदी.

हे म्हणाले, "करून टाक सही. सारेच करतात."

"सारे कॉपी करतात, म्हनून सही करतात. मी काऊन करू?"

"तुह्या पुस्तकातला विवेकी मानूस काय करन?"

विवेकी माणूस सही करेल. म्हणूनच त्याच्याविषयी माझं मत कधी बरं नव्हतं.

८ जुलै, नागपूर

समिती: तीन सर, एक कूलर. माफीनामा सही न करताच परत ठेवला. म्हटलं, तोच पेपर आत्ता तोंडी घ्या. पतनिर्मितीपासून सुरू करते.

मधले सर: "तशी तरतूद नाही."

"मला येतं की नाही हे पाहायची विद्यापीठात तरतूद नाही?"

डावीकडचे सर खिडकीबाहेर बघू लागले. सवय असावी.

तेवढ्यात दार ढकलून बाळूभाऊ. बाहेर बसजा म्हणून बजावलं होतं. "सायेब, चिठ्ठी म्या फेकली. वहिनीले सारं येते. मले मालूम होतं."

"मग फेकली कशाला?"

"रीत हाये सायेब. घरचं मानूस जाऊन नुसतं पाहून येईन काय?"

"पेपर कशाचा होता, ते तरी माहीत होतं?"

"नाई ना. मालूम असतं तं बराबर फेकली असती."

उजवीकडचे सर हसले, मग खोकला आल्यासारखं केलं. निर्णय डाकेने कळेल.

परतताना ढाब्यावर बाळूभाऊ पोळीचे तुकडे करत बसलेले. खात नव्हते. "वहिनी, माह्यानं बिघडलं काय?"

"बिघडेलच होतं. तुमी फक्त नेम धरला."

१५ सप्टेंबर

निर्णय नाही. बजेटचा तोच लेख एक शब्द न बदलता पुन्हा संपादकांकडे नेऊन दिला. नावाखाली: एम.ए. भाग एक (निकाल राखीव).

"ताई, हे कसं छापू?"

"यातलं खोटं काय, ते दाखवा."

दाखवता आलं नाही. विचार करतो म्हणाले. त्यांनाही कोणीतरी खिडकीतून उत्तर फेकायला हवं.

३ ऑक्टोबर

डाक आली, त्यात तो कागद नाही. हिवाळी परीक्षेचा फॉर्म भरला, सगळ्या पेपरांचा. बंदी यायची असेल तर येईल, मी आधी जाऊन बसलेली असेन.

संध्याकाळी बाळूभाऊ दुकानात. ढेपेचा गूळ टोकरत बसले. या खेपेला काही विचारेनात. शेवटी मीच म्हटलं, "आर्वीलेच हाये. मागच्या अंगाची खिडकी."

एकदम वर पाहिलं.

"येजा. पन हात रिकामे ठेवजा."

"रिकामे?"

"रिकामे."

"मंग करू काय तिथं?"

"उभे राहजा."

स्वतःचे हात पुढे धरून पाहिले. गुळाने चिकट झालेले. मग म्हणाले, "वहिनी, जमन काय मले?"