मामांस, उंदरांविषयी

तीर्थरूप महिपती मामांस, जावई युवराजचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आणि मामींचा रक्तदाब ताळ्यावर असावेत. इकडे सोलापुरात मी मजेत आहे (सकाळी पोहे, रात्री उरलेले पोहे).

नातीच्या बारशाला तुम्ही भर पंगतीत विचारलंत, "जावईबापू, उंदीर मारायला एवढं शिकावं लागतं व्हय? गोळी मिळती की दुकानात!" सगळे हसले आणि माझं उत्तर बुंदीबरोबर पोटात गेलं. ते आता लिहितो. रक्तातून निरोप घेऊन फिरणारी रसायनं म्हणजे संप्रेरकं. तो निरोप उतरवून घेणारे ग्राही मेंदूच्या कुठल्या भागात किती, याचा मी उंदरांपुरता नकाशा करतो. सध्या आईला पिल्लांची माया लावणाऱ्या संप्रेरकाचं काम चालू आहे. मेंदूचे कांद्याच्या पापुद्र्यासारखे काप काढायचे, रंग चढवायचा, सूक्ष्मदर्शकाखाली चमकेल तिथं खूण करायची. (मामींना जेवताना वाचून दाखवू नका.)

परवा घोळ झाला. एका बाळंतिणीची पिल्लं वजनाला नेली आणि पिंजऱ्याची कडी लावायची राहिली. ती पळाली! पिंजरे सांभाळणारे येडूअण्णा स्टुलावर चढले. "सर, तुमच्या पायात हाय! न्हाय, कपाटामागं!" माझ्या मार्गदर्शक प्रियदर्शनी मॅडम दारात झाडू आडवा धरून उभ्या. खिडकी सताड उघडी होती, पलीकडं मोकळं रान. पण ती आमच्या पायांमधून थेट वजनकाट्यावर चढली आणि एकेक पिल्लू तोंडात धरून कोपऱ्यात नेऊ लागली. येडूअण्णा हळूच म्हणाले, "नेऊ द्या सर तिला." मला चष्मा पुसावा लागला (इथं धूळ फार). या गोंधळामुळं ती प्रयोगातून बाद झाली. तिच्या मेंदूचा नकाशा आता होणार नाही, याचा मला झालेला आनंद संशोधकाला शोभत नाही.

बाळ कुशीवर वळायला लागलं म्हणे. फोटो बघतो रोज. फोटोला वास नसतो, मामा.

आपला,
युवराज

ता. क. अपेक्षाला म्हणावं, घाई नको. माहेरपण निवांत होऊ दे.

ता. क. वरचं मनावर घेऊ नका. "अजून थोडं राहू का?" असं तिनं फोनवर विचारलं आणि मी म्हणालो, "रहा की, मला लई काम हाय." तेव्हापासून घर खायला उठलंय. तिच्याशी बोलताना जीभ रेटत नाही. तुम्हीच शब्द टाका. रविवारी गाडी घेऊन वैरागला येतोय, दोघींना पाठवा. ती नाही म्हणाली, तर निदान मला तरी ठेवून घ्या.