घुंगटामागचा चेहरा

याडी, अगं आई, दिवाळीच्या आधी एका रविवारी दुपारी तुझ्या नातीने टीव्हीवर कार्टूनचा सिनेमा लावला. मेक्सिको नावाच्या दूरच्या देशातला. तिथे वर्षातून एकदा मेलेली माणसं घरी येतात. त्यांच्यासाठी झेंडूच्या पाकळ्यांची वाट घालतात, पताकांसारखे कातरलेले रंगीत कागद टांगतात आणि फोटोंसमोर त्यांच्या आवडीचं जेवण मांडतात. मी मेथी निवडत अर्धवट बघत होते. एक म्हातारी मक्याची भाकर तळव्यांवर थापत होती आणि हात न थांबवता घरादारावर ओरडत होती, तेव्हा मात्र मी मेथी बाजूला ठेवली. सिनेमा संपल्यावर मुलीने मोबाईलवर शोधलं. "आई, हे खरं आहे. डोंगरावर अशीच रंगीत घरं आहेत, एकावर एक. लोक खरंच कबरीपाशी जेवण घेऊन बसतात." मग म्हणाली, "आपल्या आजीचा फोटो कुठे आहे?"

फोटो एकच आहे, दादाच्या लग्नातला. महागावहून आलेला फोटोग्राफर तांड्यातल्या मांडवात घाम पुसत उभा आहे. "मावशी, घुंगट जरा वर करा ना," म्हणतो आहे. समोर तुझे सासरे बसलेले. "काढ तसाच," तू म्हणतेस, "घरच्यायले माहीत हाये माह्यं तोंड." सगळे हसतात. फोटोत तुझ्या जागी नुसता घुंगटावरच्या आरशांचा लखलखाट आहे. त्याच पावसाळ्यात तापाने तू गेलीस. मी तेव्हा शाळेत होते. आता माझे केस पिकलेत.

मुलीने फोटो उलटसुलट करून पाहिला. "पण आजी दिसायची कशी?" मी सांगत गेले, ती रंगवत गेली. हनुवटीवर गोंदण. रुंद नाक. ओरडताना वर जाणारी एक भुवई. तुझ्याभोवती तिने झेंडूच झेंडू काढले.

दिवाळीला तांड्यावर गेलो. सकाळी दादाने अंगणात धबुकार घातला. निखाऱ्यांवर लापशी-तूप सोडत तो गेलेल्यांचं एकेक नाव घेत होता. मुलगी त्याच्याजवळ जाऊन बसली.

"मामा, फोटो ठेवला नाही तर आजीला कळेल का?"

"फोटो कायले लागते, बाई? नाव घेतलं का येते ते."

तिने चित्र पुढे केलं. दादाने ते हातात धरून उजेडाकडे वळवलं. वहिनीही चुलीपासून उठून बघायला आली. "नाक जरासं मोठं केलं तुनं," तो शेवटी म्हणाला, "पन याडीच हाये." आणि तोंड फिरवून धुरावर चिडला. पुढच्या आठवड्यात त्याने महागावला नेऊन चित्राला काच लावून आणली. आता ते लग्नाच्या फोटोशेजारी टांगलेलं आहे. येणारा-जाणारा हात जोडतो.

ही चिठ्ठी कुठे पाठवायची नाही. तुला वाचता येत नव्हतं, आणि दादाला वाचून दाखवावी अशी ती नाही. गोंदण तुझंच होतं, तेवढं मला पक्कं आठवतं. बाकीचं सगळं सांगताना माझ्या डोळ्यांसमोर ती मक्याची भाकर थापणारी म्हातारी होती.