तुमच्याकडेही होतंय का?

३ जानेवारी, सकाळी ७

निश्चय केला. कृत्रिम पाय बनवायचं सॉफ्टवेअर वापरणारे आम्ही एकतीस टेक्निशियन. इतकी वर्षं एका ईमेल-यादीवर एकमेकांना प्रश्न विचारतो. ती यादी महिनाअखेर बंद होणार, असं पत्र आलं. सगळे गांगरले. मी नाही. प्रश्नोत्तरांची नवी जागा मी निवडणार. मला कोणी सांगितलेलं नाही, पण कोणीतरी पुढे व्हायला हवंच.

दुसरा निश्चय: बाबांचा पाय. डावा गुडघ्याखालून काढून पाच महिने झाले. सॉकेट, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो ते, मी स्वतः करणार. महिन्याभरात बाबा कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडे चालत जातील. त्यांना एवढंच हवंय. न्हावी घरी आलेला खपत नाही. म्हणतात, आजारी असल्यासारखं वाटतं.

६ जानेवारी

तक्ता तयार. सात प्लॅटफॉर्म, चौदा रकाने. मतं देता येतात का, पॉइंट्स, बॅज, प्रश्न बंद करायची सोय वगैरे. बायकोने डोकावून विचारलं, एकतीस माणसांना बॅज कशाला? फोनवर एक ग्रुप काढा की. मी नुसता हसलो. ग्रुपवर गुड मॉर्निंगची फुलं येतात, ज्ञान येत नाही.

बाबांनी विचारलं, माप कधी घेतोस. म्हटलं, या आठवड्यात.

११ जानेवारी

एका मोठ्या साइटकडे अर्ज केला होता. स्वतंत्र विभागासाठी दोनशे सभासद लागतात. आमचे एकतीस, त्यातले दोन वारलेत, पण यादीत आहेत. दहा मिनिटांत नकार. दूरदृष्टी म्हणून नाही यांना.

ठीक. आपली साइट आपणच उभारायची.

१५ जानेवारी

बाबांचं सॉकेट झालं! स्कॅन, सॉफ्टवेअरच्या नव्या व्हर्जनमध्ये डिझाइन, नेहमीसारखं मापापेक्षा चार टक्के घट्ट, मग मशीनवर. एरवी आम्ही आधी पारदर्शक प्लास्टिकचं ट्रायल सॉकेट करून बघतो. पण स्वतःच्या बापाला कसली ट्रायल? वीस वर्षं हेच करतोय. शिवाय संध्याकाळी सर्व्हर लावायचा होता.

बाबा म्हणाले, आवळतोय रे. म्हटलं, सवय नाही अजून. सगळ्या पेशंटना मी हेच सांगतो आणि दहापैकी नऊ वेळा खरं ठरतं. मग म्हणाले, तू केलायस म्हणजे बरोबरच असणार. फार बरं वाटलं.

१९ जानेवारी

साइट सुरू. नियम बावीस, बॅज अकरा. नववा नियम माझा आवडता: मोघम प्रश्न बंद केला जाईल. अकरावाही झकास: बंद झालेला प्रश्न पाच सभासदांनी मतं दिल्याशिवाय उघडणार नाही. मलाही एकट्याला उघडता येणार नाही. लोकशाही म्हणजे लोकशाही! सर्वांना नियम पाठवले. तांत्रिक प्रश्न यापुढे मला ईमेलने पाठवू नयेत, वाचले जाणार नाहीत, हेही कळवलं.

२४ जानेवारी

सभासद: एक. मी.

रिकाम्या दुकानात गिऱ्हाईक शिरत नाही. म्हणून पाच खाती काढली: जुना कारागीर, शंकेखोर, नवशिका, मोजमाप आणि हातोडी. ते विचारतात, मी उत्तर देतो. शंकेखोर खरोखर हुशार आहे. आज त्याची नि जुन्या कारागिराची जुंपली, दोघांना ताकीद द्यावी लागली.

बाबांच्या नडगीवर लाल चट्टा. सॉकेटच्या आत घालायच्या जाड मोज्याऐवजी पातळ दिला. मिटला प्रश्न.

२८ जानेवारी, दुपारी

पहिला खरा प्रश्न आला! दुसऱ्या गावच्या हॉस्पिटलमधल्या बाईंचा. आमच्यातल्या निम्म्यांना त्यांनीच हे काम शिकवलंय, मलाही. त्यांनी लिहिलं: ‘नव्या व्हर्जनमध्ये सॉकेट फार घट्ट येतंय. तुमच्याकडेही होतंय का?’

बस्स. व्हर्जनचा नंबर नाही, चित्र नाही. आणि ‘तुमच्याकडेही होतंय का’ हा काय प्रश्न झाला? या गप्पा झाल्या. शिवाय सॉकेट सैल येतंय असा प्रश्न सात वर्षांपूर्वी जुन्या यादीवर येऊन गेलाय. ‘पूर्वी विचारलेला’ असा शेरा मारून बंद केला. जड गेलं, पण सुरुवातीलाच सूट दिली की पुढे कोण जुमानतो?

बाईंचा फोन आला. नियम वाचा, असं नम्रपणे सांगितलं. त्या म्हणाल्या, अहो, मी फक्त विचारलं होतं. आणि ठेवला.

२ फेब्रुवारी

बाबा फाटकापर्यंत जाऊन आले! पायरीवर बसले तेव्हा चेहरा पांढराफटक. म्हणाले, भूक लागली असेल. बायको म्हणाली, पाय काढा, बघू द्या मला. मी थांबलो नाही, अकराला सभासदांसाठी स्वागत-सत्र होतं. हजर: मी. एक जण दोन मिनिटं आला, आवाज येत नाही म्हणून गेला.

९ फेब्रुवारी

चट्ट्याची जखम झालीय. रुपयाएवढी, ओली. बाबांना शुगर आहे, त्यामुळे भरत नाही, एवढंच. तीन दिवस पाय घालू नका म्हटलं. बायको चिडली. म्हणाली, डॉक्टरकडे न्या, आणि तुमच्या त्या साइटवर विचारा ना कोणाला! मी म्हणालो, तिथे उत्तरं मीच देतो.

११ फेब्रुवारी

बाबांनी काल पाय घालून बघितला म्हणे. मी कामावर असताना. सवय मोडू नये म्हणून.

१७ फेब्रुवारी

जखम काळी पडली. नेलं. डॉक्टरने बराच वेळ बघितलं. हाडापर्यंत गेलंय म्हणाला. आता गुडघ्याच्या वरून. त्याने विचारलं, सॉकेट कोणी केलं? मी म्हणालो, वर्कशॉपमध्ये झालं.

बाबा माझ्याकडे बघत होते.

१९ फेब्रुवारी

ऑपरेशन झालं. साइट उघडली नाही.

२३ फेब्रुवारी

सॉकेट मोजलं. आठ टक्के घट्ट. नव्या व्हर्जनमध्ये सॉफ्टवेअर चार टक्के आवळतं आणि मशीन पुन्हा चार. नवं व्हर्जन आल्यापासूनचे बाकीचे सहा पेशंट ठीक आहेत. त्यांची ट्रायल घेतली होती. सॉकेटं घट्ट दिसली म्हणून माझ्या सहकाऱ्याने ती मोठी करून घेतली. त्याला वाटलं, माप घेताना चूक झाली असेल.

बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, एक सेटिंग बंद करायचं असतं. तुमच्याशी बोलून फोन ठेवला त्याच संध्याकाळी आम्ही ग्रुप काढला, दहा मिनिटांत अकरा जणांनी उत्तर दिलं. तुम्हालाही ईमेल पाठवली होती. मग विचारलं, का हो, तुमच्याकडे कोणाला त्रास झाला का?

मी म्हणालो, नाही, सहज.

४ मार्च

सकाळी न्हावी घरी आला. बाबा खाटेवर बसले, गळ्याभोवती टॉवेल घेऊन, डोळे मिटून. तो गेल्यावर म्हणाले, या वेळचं माप कधी घेतोस?

त्यांना अजून सांगितलेलं नाही. बायकोला सांगितलं. ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

दुपारी साइट उघडली. बाईंचा प्रश्न तसाच, बंद. उघडायला पाच मतं हवीत. जुना कारागीर म्हणून आत गेलो, मत दिलं. मग नवशिका, मोजमाप, हातोडी. शेवटी शंकेखोर. प्रश्न उघडला.

उत्तर लिहिलं: हो. आमच्याकडेही झालं.

साइटने लगेच ‘चिकाटी’चा बॅज दिला. महिन्याहून जुन्या प्रश्नाला उत्तर दिलं की मिळतो. मीच ठेवला होता तो.