चार हजार तेरा दिवसांची बाग

द्वारका, नाशिक
दिवाळीनंतरचा रविवार

चि. रोहित यास सुवर्णाआत्याचे अनेक आशीर्वाद.

दुसऱ्याचं काम फुकटात करून देणाऱ्या, ते सुरळीत चालू असताना कोणाला आठवतही नसलेल्या आणि ते बंद पडल्याबरोबर ज्यांचा पत्ता सगळे शोधू लागतात अशा माझ्या समदुःखी बांधवांनो! (या सभेला तू आणि मी असे दोघेच आहोत. पण समोर सभा आहे असं धरल्याशिवाय मला लिहिता येत नाही, हे तुला लहानपणापासून माहीत आहे.) आपली तक्रार एकच आहे. मी एकतीस वर्षं कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं आणि लोकांच्या लक्षात राहिली ती माझी निरोप समारंभातली भाषणं. तू द्राक्षावरच्या केवडा रोगाचा अंदाज सांगणारं कॉम्प्युटरचं पॅकेज लिहिलंस, जगाला मोफत वाटलंस, आणि तुझ्या वाट्याला काय आलं ते आपण दोघेही जाणतो. त्यावर पुढे येतेच.

तुझी तब्येत कशी आहे? पिंपळगावच्या त्या शीतगृहात दिवसभर उभा असतोस, कानाला काही बांधतोस का? माझा गुडघा जिना चढताना बोलतो आणि उतरताना गप्प बसतो. डॉक्टर म्हणाले, वय. मी म्हटलं, दुसरा गुडघाही त्याच वयाचा आहे, तो कसा बोलत नाही? त्यांनी फी घेतली नाही. असो. कॉम्प्युटर हा शब्द निघाला की तू ताटावरून उठतोस, म्हणून हे सगळं कागदावर लिहिते आहे. हेही तू वाचता वाचता ठेवून देशील, पण निदान खिशात तरी राहील.

तर, खंडेनवमी. आमच्या विभागात दरवर्षी यंत्रांची पूजा होते आणि निवृत्त झाल्यापासून मला प्रमुख पाहुणी म्हणून बोलावतात. यंदा मी ‘हत्याराचा मान’ या विषयावर पंचवीस मिनिटं बोलले. वर्षभर तेलाचा थेंब घालायचा नाही आणि एक दिवस झेंडू वाहायचा, ही भक्ती नसून कामचुकारपणा आहे, असं मी ठणकावलं. टाळ्या झाल्या. (पहिल्या रांगेतले एक प्राध्यापक टाळ्यांनी जागे झाले आणि त्यांनीही वाजवल्या.) मग विठाबाई, म्हणजे विभाग झाडणाऱ्या आमच्या बाई, हार घेऊन मागच्या जुन्या प्रयोगशाळेत निघाल्या आणि मी त्यांच्या मागोमाग गेले. तिथे कोपऱ्यात जुन्या साडीच्या तुकड्याने झाकलेला एक कॉम्प्युटर होता. पडदा काळा, आतून बारीक घरघर. तुझा तो, रोहित. तू विभाग सोडून गेलास तेव्हापासून कोणी बंद केलेला नाही. विठाबाई त्याला चालू असतानाच हार घालतात. मी विचारलं, बंद का करत नाही? त्या म्हणाल्या, “नका बाई, ते जागं हाय.”

आता भाषण नुकतंच संपलेलं, अंगात वारं भरलेलं. खंडेनवमीला हत्याराला विश्रांती द्यायची असते, अशी मी त्यांनाच त्यांची रीत समजावून सांगितली आणि तारेची पिन भिंतीतून उपसली. खोली एकदम शांत झाली. दुपारचे बारा वाजले होते, बाहेर पोरं प्रसादाच्या रांगेत गलका करत होती, तरी ती शांतता कानात बसली. अकरा वर्षं त्या खोलीत काहीतरी गुणगुणत होतं हे आम्हाला ते थांबल्यावर कळलं. विठाबाईंनी हार परत घेतला.

दहा मिनिटांत सृष्टी धावत आली. सृष्टी म्हणजे माझी शेवटची पीएचडीची विद्यार्थिनी, निफाडची, बोलते कमी. तिचा सगळा प्रबंध तुझ्या पॅकेजवर उभा आहे, कारण केवड्याचा धोका छाटणीच्या दिवसापासून मोजणारं दुसरं काही अस्तित्वात नाही. तिची गणितं नव्या यंत्रावर बसत नव्हती, म्हणून ती या कोपऱ्यातल्या यंत्रावर येऊन पडताळायची. तिने कपाळाला हात लावला आणि पिन परत लावली. यंत्र उठलं ते अकरा वर्षांचे सगळे अपडेट एकदम गिळूनच. त्यात दोन तास गेले. मग सृष्टीने आणलेल्या पडद्यावर अकरा नावं आली. तुझं पॅकेज ज्यांच्या खांद्यावर उभं होतं ती अकरा पॅकेजं, आता बाहेर कुठे सापडत नाहीत म्हणे, या यंत्रातल्या जुन्या प्रतीच काय त्या उरल्या. मी विठाबाईंना समजावलं, पॅकेज म्हणजे एकाने कुटून ठेवलेला मसाला, बाकीच्यांनी आयता वापरायचा. त्यांनी विचारलं, कुटणारा गेला तर? आणि तेवढ्यात त्या अकरा नावांखाली, कोणी काही दाबलेलं नसताना, एक ओळ उमटली.

“प्लॉट: खंडेराव, निफाड. छाटणीपासून दिवस ४०१३. पान कोरडे. फवारणी नको.”

आपल्याकडे बागेचं वय गोडी छाटणीपासून, म्हणजे फळासाठीच्या छाटणीपासून सांगतात. साठ दिवसांची बाग, शंभर दिवसांची बाग. दीडशेच्या पुढे कोणी मोजत नाही, माल उतरलेला असतो. चार हजार तेरा दिवसांची बाग कोणी पाहिली आहे? तुझ्या बापाने, माझ्या दादाने, खंडेराव प्लॉटमधले ते वेल त्याच साली मुळासकट काढले. तिथे आता टोमॅटो आहेत, मागच्याच आठवड्यात मी त्यांची चटणी केली. आणि इकडे हे यंत्र रोज सकाळी सात वाजता, आणि बंद पडून उठलं की लगेच, त्या नसलेल्या बागेची पाहणी करत होतं, पानाला हात लावून बघत होतं आणि अंधाऱ्या पडद्याला सांगत होतं, कोरडं आहे, काळजी नको. ती ओळ उमटली तेव्हा बाहेर असा पाऊस कोसळत होता की प्रसादाची रांग मोडली.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही, हे मी कमीत कमी चाळीस व्यासपीठांवरून सांगितलं आहे. तरी खुर्ची जरा दाराजवळ ओढून घेतली.

पुढचा आठवडा मी पत्रव्यवहारात घालवला. त्या अकरा पॅकेजांच्या अकरा कर्त्यांना मी इंग्रजीत खरमरीत पत्रं लिहिली. आठ जशीच्या तशी परत आली, तो पत्ताच आता नाही. एकाने कळवलं की तो पाव भाजतो आणि संख्याशास्त्राचं नाव काढू नका. एकाने सुट्टीचा फोटो पाठवला. अकराव्याच्या बायकोने उत्तर दिलं: ते सहा वर्षांपूर्वी गेले, पण तुम्ही नक्की काय विचारत होतात? मला त्यांच्याबद्दल आता कोणी काही विचारत नाही. त्या बाईंना मी चार पानं लिहिली. त्यात गणित एक ओळभर होतं.

बारावा तू. सृष्टी तुला, म्हणजे पॅकेजवर दिलेल्या तुझ्या जुन्या पत्त्यावर, वर्षभर मेल करत होती. उत्तर दर वेळी त्याच मिनिटाला यायचं: “गोडी छाटणीसाठी गावी आलो आहे. सोमवारी उत्तर देतो.” अकरा वर्षांपूर्वी सुट्टीवर जाताना तू लावून गेलेलं उत्तर. ती पोर सुरुवातीला खरंच सोमवारची वाट बघायची. नंतर तिने गृहीत धरलं की तू हयात नाहीस. (मी सांगितलं, हयात आहे, पिंपळगावला क्रेट मोजतो. तिला पटलं नाही. ती म्हणाली, मग उत्तर दिलं असतं.)

त्या ओळीने मात्र तिची झोप उडवली होती. तिने यंत्रातली सगळी जुनी नोंद काढली. पहिले तेवीस दिवस माणसासारखे आहेत: ओलं, कोरडं, ओलं, ओलं. चोविसाव्या दिवसापासून पुढे प्रत्येक सकाळी कोरडं. एकही चुकार दिवस नाही. ती म्हणाली, “मॅडम, बागच नाही तर पान कोरडं कुठून?”

रोहित, एकतीस वर्षांत मी वर्गात इतका चांगला प्रश्न ऐकला नाही. चोविसाव्या दिवशी तुझ्या बागेतला पानाचा ओलावा मोजणारा सेन्सर बंद पडला होता. त्याच्याकडून काहीच आलं नाही. तुझ्या पॅकेजच्या खाली, तिसऱ्या थरात, त्या पाव भाजणाऱ्या गृहस्थाने लिहिलेली एक ओळ आहे: जिथे काही आलं नाही तिथे शून्य धर. शून्य ओलावा, म्हणजे कोरडं पान. सेन्सर गप्प झाला आणि त्याच्या गप्प बसण्याला यंत्राने ऊन समजलं. त्याच आठवड्यात केवडा आला आणि बाग चार दिवसांत गेली. तुझं गणित बरोबर होतं. मी ते तीन वेळा हाताने करून पाहिलं, आणि माझ्या कागदाला अपडेट येत नाहीत.

सृष्टीने तुला तेवढंच विचारलं, सर, सेन्सर गप्प झाला तर तुमचं पॅकेज काय धरतं हे तुम्हाला माहीत होतं का? लगेच ते ठरलेलं उत्तर आलं, गोडी छाटणी, सोमवार. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने दुरुस्ती जोडून पुन्हा मेल केली. उत्तर आलं: “गोडी छाटणीसाठी गावी आलो आहे. मंगळवारी उत्तर देतो.”

तिने ते मला दाखवलं. विठाबाई म्हणाल्या, सांगत नव्हते का, जागं हाय. मी मात्र त्या दिवशी घरी जाऊन पोटभर जेवले, रोहित. यंत्र स्वतःहून वार बदलत नाही. अकरा वर्षं ती मेलची पेटी उघडून बसणारा माणूस बदलतो.

मी तुला रागावलेली नाही. तू कामाला, घराला, जगण्याला घाबरलास ते मला कळतं. या वयात माझं कोणाकडे काही मागणं उरलेलं नाही, तुझ्याकडे तर नाहीच. वहिनीला नमस्कार. मफलर वापर.

तुझी,
सुवर्णाआत्या

ता.क. वरचं शेवटून तिसरं वाक्य खोटं आहे. तुझं पॅकेज आजही निफाड तालुक्यात साठ बागांवर चालतं. या बागा पंचवीस दिवसांच्या आहेत, ऐन धोक्यात, पाऊस हटत नाही, आणि त्यातला कोणाचा सेन्सर आज गप्प होईल सांगता येत नाही. सृष्टीची दुरुस्ती सात ओळींची आहे, तयार आहे. पण पॅकेज ज्याच्या नावावर, त्याच्याच जुन्या पत्त्यावरून होकार आल्याशिवाय ती कोणीही चढवू देत नाही. दुसऱ्या नावाने काढली तर या साठ जणांकडे जुनंच चालत राहील. मी पॅकेजांचा साठा सांभाळून हे नियम करणाऱ्यांना नऊ पानी निषेध पाठवला. त्यांनी नियमाची प्रत पाठवली.

ता.क. २ हे मी लिहिणार नव्हते. पण काल दादाला सगळं समजावून सांगितलं, सेन्सर, शून्य, तिसरा थर. त्याने ऐकून घेतलं, तंबाखू मळली, थुंकून आला आणि म्हणाला, “पोराला सांग, केवड्याचे तेलकट डाग मला दोन दिस आधीच दिसले व्हते. पण पोराचं मशीन नको म्हणत व्हतं, म्हून मी फवारलं नाय.” अकरा वर्षं तो हे कोणाला बोलला नाही. तुला वाटत राहिलं की तुझ्या यंत्राने बापाला फसवलं. त्याला वाटत राहिलं की खरं सांगितलं तर पोराला वाटेल बापाने डोळे मिटले.

तेव्हा हे पत्र खाली ठेव, ती पेटी उघड, सृष्टीच्या शेवटच्या मेलला “होय, हे पॅकेज मी सृष्टीकडे सोपवतो” एवढंच लिही, आणि पाठव. आत्ता.